खालच्या थरातला खोका : खाद्यतेलाच्या गोदामातील एका पडझडीचा अभ्यास

भिवंडीतील एका गोदामात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खाद्यतेलाच्या खोक्यांच्या थप्प्या खालून बसू लागल्या. एका खोक्यात एक लिटरच्या बारा पिशव्या होत्या. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम धरले, तर पिशव्या आणि खोका मिळून भरलेल्या खोक्याचे वजन जवळपास साडेअकरा किलो होते. थप्पी सहा थरांची होती, म्हणजे तळच्या खोक्यावर पाच खोक्यांचा, साधारण ५७.५ किलोचा भार येत होता. आधी तळच्या खोक्याची भिंत बाहेर फुगे, मग एक कोपरा दुमडे, आतली पिशवी फुटे आणि तेल शेजारच्या चार खोक्यांत मुरे. दोन दिवसांत सगळी थप्पी एका बाजूला कलंडलेली दिसे. त्या कललेल्या थप्प्यांच्या मधून माथाडी कामगारांची दिवसभर ये-जा असे, त्यामुळे हा प्रश्न केवळ सांडलेल्या तेलाच्या भरपाईचा नव्हता.

मला बोलावले ते खोके पुरवणाऱ्या कारखान्याने. वसईजवळचा हा मध्यम आकाराचा, अर्धस्वयंचलित कारखाना आहे. सिंगल फेसरवर नालीदार कागद तयार होतो, पेस्टिंगवर तो लायनरला, म्हणजे सपाट कागदाला चिकटवला जातो आणि पुढे रोटरी (शीट मापात कापून घडीच्या रेषा पाडणे), छपाई, स्लॉटिंग (झडपांसाठी खाचा कापणे) व स्टिचिंग अशी कामे स्वतंत्र यंत्रांवर होतात. कारखाना, तेल भरणारी कंपनी आणि गोदाम यांपैकी कोणाचेही नाव येथे घेण्याची गरज नाही. मोजमापे मी हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणली आहेत.

आधी केलेला उपाय

मी पोहोचण्यापूर्वी एक उपाय होऊन गेला होता आणि या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळसे त्या उपायातच आहे. मूळ खोका पाच प्लायचा, म्हणजे कागदाच्या पाच थरांचा होता : तीन सपाट लायनर आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी कागद, ज्यांना फ्लूटिंग म्हणतात. पाचही कागद १२० जीएसएमचे (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे) आणि १८ बीएफचे होते. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागदाची फुटण्याची ताकद किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये घेऊन तिला हजाराने गुणले आणि जीएसएमने भागले की तो मिळतो. त्यानुसार १२० जीएसएम, १८ बीएफचा एक कागद २.१६ किलोला फुटतो. तीन लायनर पूर्ण आणि दोन फ्लूटिंग निम्म्याने धरण्याच्या रूढ पद्धतीने शीटची फुटण्याची ताकद ८.६४ किलो येत होती. ग्राहकाच्या खरेदी आदेशात ताकदीविषयी एवढी एकच अट होती.

तक्रार आल्यावर ग्राहकाने हा आकडा वाढवून मागितला. कारखान्याने तिन्ही लायनर २२ बीएफचे केले आणि खर्च आवरण्यासाठी दोन्ही फ्लूटिंग १२० ऐवजी १०० जीएसएमची घेतली. फुटण्याची ताकद ९.७२ किलोवर गेली, चाचणीचा कागद ग्राहकाच्या हाती पडला आणि पुढच्या पंधरवड्यात थप्प्या पूर्वीसारख्याच बसत राहिल्या. कारखान्याच्या मालकांना हे कोडे वाटत होते आणि त्यांचे तसे वाटणे मला मुळीच गैर वाटले नाही, कारण आपल्याकडे खोक्याची प्रत बीएफच्या भाषेतच बोलली जाते.

बर्स्टिंग चाचणीत शीट दोन कड्यांमध्ये घट्ट धरतात आणि खालून रबरी पडदा फुगवत नेतात. शीट फाटते तेव्हाचा दाब नोंदला जातो. माल आतून आदळला किंवा बाहेरून टोचला, तर खोका किती तग धरेल, याची कल्पना या चाचणीतून येते. थप्पीत तळाशी असलेल्या खोक्याला मात्र कोणी टोचत नाही. त्याची भिंत उभ्या खांबासारखी वरचा भार पेलत असते आणि ती फाटत नाही, तर वाकते. तेलाच्या पिशव्या मऊ असल्यामुळे त्या भार उचलत नाहीत. डब्यांच्या किंवा बरण्यांच्या खोक्यात माल स्वतः टेकू देतो, म्हणून तेथे कमकुवत खोकाही वर्षानुवर्षे खपून जातो. येथे सगळा भार कागदावर होता.

उभ्या भिंतीची ताकद शीटच्या कडेवरच्या दाबशक्तीवर, म्हणजे ईसीटीवर ठरते. शीटचा छोटा तुकडा फ्लूट, म्हणजे नागमोडी कागदाच्या नाल्या, उभ्या राहतील असा धरून वरून दाबला, तर एका सेंटीमीटर लांबीला किती किलो पेलले, तो हा आकडा. त्यात लायनरइतकाच फ्लूटिंगचाही वाटा असतो. फ्लूटिंगचा कागद नागमोडी असल्यामुळे बी फ्लूटमध्ये (नाल्यांच्या एका ठरावीक मापात) एक मीटर शीटला तो सुमारे १.३५ मीटर लागतो आणि तो सगळा कागद उभा राहून भार घेतो. कारखान्याने बदलात नेमके फ्लूटिंगच हलके केले होते. जुन्या मिश्रणाच्या शीटचा ईसीटी ४.३ भरला आणि नव्याचा ४.२. म्हणजे फुटण्याची ताकद बारा टक्क्यांनी वाढली, पण जी ताकद हवी होती ती किंचित घटली.

कागदावरचा खोका आणि हातातला खोका

अमेरिकेत ॲपलटन येथील कागद-रसायन संस्थेत मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये खोक्याच्या दाबशक्तीचे एक सूत्र मांडले. त्याचे सोपे रूप आजही जगभर वापरात आहे : ५.८७ गुणिले ईसीटी गुणिले, शीटची जाडी व खोक्याचा परीघ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खोका नेहमीच्या चार झडपांचा असावा आणि त्याची उंची परिघाच्या एक सप्तमांशाहून कमी नसावी, एवढी मर्यादा पाळली की ते विश्वासाने वापरता येते. आपला खोका ३६० मिमी लांब, २४० मिमी रुंद आणि २०० मिमी उंच होता. परीघ १२० सेंटीमीटर, त्याचा सातवा भाग सुमारे १७ सेंटीमीटर, म्हणजे सूत्र लागू होते. जुन्या मिश्रणाच्या कोऱ्या शीटची जाडी ५.५ मिमी होती. त्यावरून खोक्याची दाबशक्ती २०५ किलो येते.

तयार खोक्याच्या भिंतीची जाडी मोजली, तेव्हा ती ४.९ मिमी भरली. त्याच भिंतीतून कापलेल्या तुकड्यांचा ईसीटी ४.० आला. हे आकडे सूत्रात घातले की उत्तर १८० किलो येते. दाबयंत्रावर खोके तपासून आणले, त्यांची सरासरीही याच्या आसपास होती. यंत्रांच्या रांगेत खोक्याची पंचवीस किलो ताकद कोठेतरी नाहीशी होत होती.

तरीही १८० किलो पेलणारा खोका ५७.५ किलोखाली का बसतो, हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेतली दाबशक्ती ही कोरड्या हवेतल्या, एकट्या, नीट ठेवलेल्या खोक्याची काही सेकंदांची ताकद असते. गोदामात तिच्यातून तीन मोठ्या वजावटी होतात आणि त्यांचे ढोबळ आकडे या व्यवसायात बऱ्याच काळापासून प्रचलित आहेत. ५० टक्के आर्द्रतेतली ताकद पूर्ण धरली, तर ६० टक्क्यांत ती ९० टक्के, ८० टक्क्यांत ६८ टक्के आणि ९० टक्क्यांत जेमतेम ४८ टक्के उरते. महिनाभर सतत भाराखाली राहिलेला खोका सुमारे ४० टक्के ताकद गमावतो. तिसरी वजावट रचनेची. खोके एकावर एक कोपऱ्याला कोपरा मिळवून न ठेवता, विटांच्या भिंतीसारखे सांधेमोड करून रचले, तर ४० ते ६० टक्के ताकद जाते.

भिवंडीत खोके सांधेमोड करूनच रचलेले होते. या वजावटीचा सर्वांत सौम्य आकडा, ४० टक्के, मी धरला. उन्हाळ्यात ६० टक्के आर्द्रतेला हिशेब असा होतो : १८० गुणिले ०.९, गुणिले ०.६, गुणिले ०.६, म्हणजे ५८ किलो. भार ५७.५ किलोचा. एप्रिल-मेमध्ये थप्प्या उभ्या होत्या, त्या अशा अर्ध्या किलोच्या काठावर. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच आकडा ४४ होतो आणि झडीच्या दिवसांत ९० टक्क्यांवर ३१ होतो. पावसाळ्यात खोका एकाएकी बिघडला नव्हता. तो पुरेसा कधीच नव्हता आणि कोरड्या हवेने ते झाकून ठेवले होते.

मुकादमाचे म्हणणे

रचना बदलायला हवी हे हिशेबाने सांगणे सोपे होते. गोदामातल्या मुकादमांनी मात्र ते ऐकून मान हलवली नाही. ते म्हणाले, “साहेब, थप्पी सरळ उभी केली की वरून सुटते. सांधा मोडला तरच खोके एकमेकांना धरतात.” त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते बाजूला सारून काढलेला कोणताही उपाय टिकला नसता. ट्रकमधून उतरवताना, हातगाडीचा धक्का लागताना, सुटी उभी थप्पी वरच्या दोन थरांत हलते. गवंड्याचा नियम विटेला लागू पडतो, कारण वीट भरीव असते. खोका पोकळ असतो. त्याच्या भाराचा सुमारे दोन तृतीयांश वाटा चार उभे कोपरे आणि त्यांच्या लगतची थोडी भिंत उचलते. भिंतीचा मधला भाग भार आला की बाहेर सुटतो. सांधेमोड केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या नेमक्या त्या मधल्या, दुबळ्या भागावर येतो.

हे तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवणे बरे, म्हणून आम्ही एक रिकामा खोका जमिनीवर ठेवला. आधी त्याच्या कोपऱ्यांवर आणि नंतर भिंतीच्या मध्यावर फळी टेकवून एकाच माणसाने हाताने दाबले. फरक हाताला कळला. त्यानंतर ठरले ते असे : खालचे पाच थर कोपऱ्याला कोपरा मिळवून उभे रचायचे आणि फक्त सर्वांत वरचा, ज्याच्यावर भार नाही असा थर आडवा फिरवून बांधणीसाठी वापरायचा. थप्पीभोवती वरच्या दोन थरांवर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची. पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटींवर खालच्या खोक्यांचे कोपरे येत होते, ते टाळण्यासाठी पॅलेटवर जुन्या पाच प्लाय शीटचे तुकडे दुहेरी पसरायचे. हे तुकडे कारखान्याच्या रद्दीतूनच आले.

हाताने रचलेल्या उभ्या थप्पीत कोपरे तंतोतंत जुळत नाहीत. त्यासाठी दहा टक्के वजावट धरली, तरी रचनेचा गुणक ०.६ वरून ०.९ वर जातो. कागद, छपाई किंवा भाव यांपैकी काहीही न बदलता खोक्याची कामाची ताकद दीडपट झाली. सात प्लायच्या खोक्याचा प्रस्ताव तोवर ग्राहकाच्या टेबलावर पोहोचला होता. तो मागे घ्यावा, असे मी आग्रहाने सांगितले.

पंचवीस किलो कोठे गेले

कारखान्यात आम्ही एकाच लॉटमधल्या शीटची जाडी प्रत्येक यंत्राच्या आधी आणि नंतर मोजली. पेस्टिंगनंतर ५.५, रोटरीनंतर जवळपास तेवढीच, छपाईनंतर ४.९. छपाईच्या फीड रोलरमधले अंतर आणि प्लेटचा दाब दोन्ही कसलेले होते. चालकाला विचारले तर त्याने तत्काळ कारण सांगितले : शीट वाकलेली येते, दाब कमी ठेवला तर एका बाजूची अक्षरे उठतच नाहीत. शीट वाकत होती, कारण पेस्टिंगला गम पातळ आणि जास्त लावला जात होता. मक्याचा स्टार्च, कॉस्टिक आणि बोरॅक्स यांचे प्रमाण वजन करून घेण्याऐवजी अंदाजाने घेतले जाई, आणि पावसाळ्यात शीट सुटतात म्हणून अंदाज दरवेळी जास्त गमाकडेच झुके. जास्तीच्या गमाबरोबर जास्तीचे पाणी जाई. ओली शीट पावसाळी हवेत वाळत नसे, एका बाजूने आक्रसून वाकत असे आणि ओल्या, मऊ फ्लूटवर कसलेला रोलर फिरला की त्या दबून जात.

या साखळीचे दुसरे टोक रद्दीच्या गाठीत होते. वाकलेल्या शीटवर छपाई सरकली की शीट बाद होत होती, पदर सुटला की बाद होत होती, आणि स्लॉट तिरपा गेला तरीही बादच होत होती. म्हणजे खोक्याची ताकद आणि कारखान्याची रद्दी हे दोन विषय म्हणून माझ्यापुढे आले असले, तरी पेस्टिंगच्या टाकीपाशी ते एकच होते. जो गम शीट वाकवत होता, तोच उरलेल्या खोक्यांना दुबळे करत होता आणि बाद झालेल्यांना गाठीत पाठवत होता.

गमाचे घटक वजनावर घेणे, ठरावीक पेल्यातून तो किती सेकंदांत गळतो ते प्रत्येक पाळीला दोनदा लिहिणे, आणि शीट छपाईला नेण्यापूर्वी वजनाखाली पूर्ण वाळू देणे, एवढ्याने शीट सपाट येऊ लागली. मग रोलर सैल करता आले. छपाईनंतरची जाडी ५.४ मिमी राहू लागली. केवळ जाडीवर विसंबू नये, हेही येथे लक्षात आले. दबलेली शीट काही तासांनी थोडी फुगून येते आणि गेजवर बरी दिसते, पण मोडलेल्या फ्लूटचा ताठपणा परत येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तयार खोक्याच्या भिंतीचा ईसीटी बाहेरून तपासून घेण्याचे ठरले.

स्लॉटरकडेही एक दोष निघाला. स्लॉट घडीच्या रेषेपाशी थांबण्याऐवजी चार-पाच मिलिमीटर खाली भिंतीत उतरत होते. भार पेलणाऱ्या कोपऱ्यालाच वरून चीर पडत होती. पाती सरकवून ती दुरुस्ती एका दुपारी झाली.

मिश्रण पुन्हा जुने, म्हणजे पाचही कागद १२० जीएसएम, १८ बीएफ असे केले. ५.४ मिमी जाडी आणि ४.३ ईसीटीवरून दाबशक्ती २०३ किलो येते. उभ्या रचनेत, महिनाभराच्या साठवणीत, ८० टक्के आर्द्रतेला ती ७५ किलो उरते आणि ९० टक्क्यांना ५३. दुसरा आकडा सहा थरांच्या ५७.५ किलोला अपुरा आहे, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाच थरच लावायचे, असे गोदामाशी लेखी ठरले. पाच थरांत तळच्या खोक्यावर ४६ किलो येतात. साठवणीची जागा कमी झाल्याबद्दल गोदाम व्यवस्थापक नाराज होते, परंतु जास्त जाड खोक्याचा भाव ऐकल्यावर ग्राहकाने स्वतःच पाच थर मान्य केले.

रिळाची रुंदी

रद्दीचा सर्वांत मोठा भाग मात्र ना गमाचा होता, ना छपाईचा. सगळी रद्दी एकाच गाठीत बांधली जात असल्यामुळे तो दिसत नव्हता. आठवडाभर कडेची पट्टी, स्लॉटचे तुकडे, रिळाचे फाटके बाहेरचे पदर, सुटलेल्या शीट आणि चुकीची छपाई यांच्यासाठी वेगळी पोती ठेवली आणि रोज वजन केले. कडेच्या पट्टीचे पोते सर्वांत आधी भरत होते.

या खोक्याची शीट १२५० मिमी लांब आणि ४५० मिमी रुंद लागते. रिळाच्या रुंदीत दोन शीट बसवल्या की ९०० मिमी होतात. कारखाना वापरत होता ते रीळ १०० सेंटीमीटरचे. दहा टक्के कागद पट्टी होऊन जात होता. एका अन्य ग्राहकाच्या खोक्याला ते रीळ नेमके बसते, म्हणून भांडारात तीच रुंदी ठेवलेली होती. ९२ सेंटीमीटरचे रीळ घेतले, तर दोन्ही कडांचे मिळून २० मिमी, म्हणजे सुमारे २.२ टक्के जातात. शीटचे वजन फ्लूटिंगच्या १.३५ पटीसह चौरस मीटरला ६८४ ग्रॅम पडते. त्या हिशेबाने एका खोक्यामागे ४३ ग्रॅम जात होते ते साडेआठ ग्रॅमवर येतात. हजार खोक्यांमागे ३४ किलो कागद वाचतो, आणि तो पूर्ण भावाने घेतलेला, गम व मजुरी लागलेला कागद असतो. रद्दी म्हणून विकताना त्यातले थोडेच परत मिळते. स्लॉट आणि जोडपट्टीच्या कापांत शीटचे अडीच टक्के जातात, ते या आकाराच्या खोक्यात टळत नाहीत. त्यांच्यामागे वेळ घालवला नाही.

भांडार सांभाळणाऱ्यांनी एक सूचना केली होती : शीट आडवी फिरवून, तिची १२५० मिमीची बाजू रिळाच्या रुंदीत घेऊन कापली, तर तेवढ्या रुंदीचे रीळही चांगले बसेल. रिळापुरते ते बरोबर होते. पण तसे केल्यास फ्लूट खोक्याच्या भिंतीत उभ्या न राहता आडव्या होतात आणि वाचवलेल्या कागदाबरोबर खोक्याची दाबशक्तीही निघून जाते. फ्लूटची दिशा नकाशावर बाणाने दाखवण्याची सवय त्या दिवसापासून लागली.

९२ सेंटीमीटरच्या रिळासाठी मिलला किमान वजनाची मागणी आधी द्यावी लागते, त्यामुळे तेलाच्या खोक्यांचे तीन महिन्यांचे वेळापत्रक ग्राहकाकडून आगाऊ घेणे भाग पडले. खरेदी आदेशाचा मसुदाही त्याच बैठकीत बदलला. बर्स्टिंगची अट उतरवून ८.५ किलोवर ठेवली आणि तिच्या खाली तयार खोक्याच्या भिंतीचा ईसीटी, छपाईनंतरची जाडी व खोक्याची दाबशक्ती अशा तीन ओळी घातल्या. अमेरिकेतील रेल्वे आणि ट्रक वाहतुकीच्या नियमांनी बर्स्टिंगला पर्याय म्हणून ईसीटी १९९१ मध्येच स्वीकारला. आपल्याकडे ही ओळ अजून प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगावी लागते आणि मी ती सांगत राहतो.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी त्या गोदामात तळच्या थरातले खोके काढून पाहिले. बहुतेकांच्या भिंती सरळ होत्या. शटरजवळच्या दोन रांगांत, जेथे पावसाची झड आत येते, तेथे काही खोके अजूनही फुगलेले होते. मुकादमांनी त्या रांगांत पाचऐवजी चारच थर लावायला सुरुवात केली होती आणि आठवडाभरात निघणारा माल ते तेथे ठेवत होते.